झाकली मूठ, शुक्रवारी बारापर्यंत

बस, मोराग. ओला कोट दारामागे अडकव.
कॅलम, तूही. चहा किटलीत आहे.
सहावं घर हातचं गेलं म्हणता?
मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंतींना कान लावून पोट भरलं,
माझं थोडं ऐका, मग करा तुम्हाला हवं ते.

रविवारी दुपारी घर बघू नका.
रविवारी दुपारी लीथमधलं प्रत्येक घर देखणं असतं,
ओव्हनमध्ये पाव, खिडकीत ट्युलिप,
मालकिणीचं मांजरसुद्धा शिकवल्यासारखं झोपलेलं.
गुरुवारी रात्री जा, पाऊस असताना.
आत जायची गरज नाही.
समोरच्या फुटपाथवरून बघा पन्हळ कुठे गळतंय,
वरच्या मजल्यावर कोण ड्रम बडवतंय,
आणि जिना धुवायची पाळी ज्याची असते
तो धुतो का.
छप्पर आठ घरांचं मिळून असतं;
गळायला लागलं की सात जण गावाला गेलेले असतात.

एकच भिंत नव्यानं रंगवलेली दिसली
तर तिच्यावर तळहात ठेवा. हसतील, हसू देत.
भिंतीला ताप येत नाही, घाम येतो.

आणि मालकाला पत्र लिहू नका,
'आम्हाला बाळ होणार आहे, तुमच्या मागच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड...'
मालक रडतो, खरंच रडतो,
रुमाल खिशात ठेवतो आणि मोठा आकडा उचलतो.
मी त्याला दोष देत नाही.
त्यालाही कुठेतरी घर घ्यायचंय.

आता आकडा.
अहवालातल्या किमतीवरचा प्रत्येक पाउंड तुमच्या खिशातला,
बँक त्याला ओळखही दाखवत नाही.
म्हणून घरीच ठरवा, जेवून, भांडून,
दोघांनी एकाच कागदावर.
गोल आकडा नको. गोल आकडे घाबरट,
कळपानं एकाच जागी येऊन बसतात.
शेवटी तीनशे सात लिहा, चारशे एकोणीस लिहा.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
इथे सगळ्यांच्याच मुठी झाकलेल्या, शुक्रवारी बारापर्यंत,
आणि प्रत्येकाला वाटतं
बाकीच्यांच्या मुठीत
आपल्यापेक्षा एक नाणं जास्त आहे.

हे घर, तुम्ही बसलात ते, मी असंच घेतलं.
शीनानं आणि मी कागदावर लिहिलं होतं, इतकेच, एक पेनीही वर नाही.
वकिलाच्या दारात, पावणेबाराला,
रस्त्यापलीकडे एक माणूस दिसला.
राखाडी टोपी, बगलेत पाकीट, घाईत.
मी पेन काढलं, आकडा खोडला
आणि नऊ हजार वाढवले.
नऊ हजार, तेव्हाचे!
सहा हिवाळे आम्ही एकाच खोलीत हीटर लावला.
शीनानं पियानो विकला. बोलली काही नाही.
तो बघा, खिडकीखाली होता,
गालिच्यावर त्याच्या पायांचे खळगे अजून आहेत.

बावीस वर्षांनी मासळीच्या दुकानात, रांगेत,
मालकाच्या वकिलाचा तेव्हाचा कारकून भेटला.
निवृत्त, गप्पिष्ट.
म्हणाला, त्या शुक्रवारी एकच बोली आली होती.
तुमची.
राखाडी टोपीवाला?
पोस्टात चालला असेल बिचारा.

मी हॅडॉकचे दोन तुकडे घेतले, घरी आलो, तळले.
तिला सांगितलं नाही.
आज तुम्हाला सांगतोय. जरा हळू बोला,
ती आतल्या खोलीत पडली आहे.

तर शुक्रवारी निघताना
कागद न्या, छत्री न्या,
पेन इथे माझ्या टेबलावर ठेवून जा.
दूध दे रे इकडे, कॅलम.
आणि जाताना, गालिच्यावरच्या त्या खळग्यांवर
पाय देऊ नका.
ती देत नाही.