शीत

तार्तूत उणे बावीस.
चार हजार चाचण्या, पन्नास मिनिटं,
आणि पडद्यावर तो लाल ठिपका
ज्याला सगळे ओळखून आहेत.
"असाच आहे तो, परत चालव," हेल्दुर म्हणतो.
दुसऱ्या फेरीत हिरवा होतो. नेहमीच होतो.

मारिका आज निवडायला बसलीय:
कोणती चाचणी दर बदलाला,
कोणती फक्त रात्री, कोणती कधीच नाही.
बटणांचे रंग तपासणाऱ्या सहाशे
ती जेवणाआधीच पुसून टाकते.

लाल ठिपक्यापाशी थांबते.
नोंदी उकरते. चहा निवतो.
तारीख उलटताना, कधीतरी,
बाहेरचं तापमान रिकामं येतं
आणि कोड रिकाम्याला शून्य समजतो.
शून्य म्हणजे इथं उबदार दिवस.
शहराचा बॉयलर मंदावतो.

एवढे महिने ठिपका हेच सांगत होता,
आणि सगळे त्याला परत परत विचारत होते
तो कंटाळून हो म्हणेपर्यंत.

दुरुस्ती झाली. आता आधी सोडायची कुठं?
शितावरून भात कळतो खरा,
पण पळीत घ्यायचं कुणाचं घर?
हेल्दुर सुचवतो: गोदामं, सुट्टीतली शाळा.
तिथं थंडी वाजायला कोण आहे,
मारिका विचारते,
आणि यादीत टंकते: अन्नेलिन्न, इमारत सदतीस.
तिसऱ्या मजल्यावर ती स्वतः राहते.
चौथ्यावर उल्ले, वय एक्याऐंशी,
जिला कुणी विचारलेलं नाही.

बारा वाजून चार मिनिटं.
अंधारात रेडिएटरवर तळवा टेकून
मारिका उभी.
वर उल्ले खोकते.
नळीतून पाणी सरकतंय,
गरम की कोमट,
अजून कळत नाही.