कडी आतून

रात्री पावणेतीनला, गारगोटीत मावशीच्या माडीवर बसून
मी एकच ओळ लिहिली
आणि कोल्हापुरातली, लक्ष्मीपुरीतली अख्खी पतपेढी
माझ्या तोंडावर बंद झाली.

चोर येऊ नये म्हणून घातलेली कडी.
घातली ती मीच, बाहेर राहिले तीही मीच.
पुन्हा एंटर. पुन्हा.
रुसलेलं माणूस निदान कूस तरी बदलतं.

सर्व्हर मात्र जागा होता, मला माहीत होतं.
कुलूपबंद खोलीत, एसीच्या गारठ्यात
त्याचे हिरवे दिवे लुकलुकत असणार,
आणि दाराबाहेर मफलर गुंडाळून इलाही मुजावर,
ज्याच्याकडे चावी नाही.
साडेनऊला शटर वर जाणार.
सात शाखा याच एका दारातून आत येणार,
कुणाची भिशी, कुणाच्या पोराची फी.

मग आठवली ती निळी वायर.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी बाबासो मगदूमांनी
रॅकच्या मागं वाकून दाखवलेली.
"ही नेटवर्कला विचारत न्हाई, पोरी.
पुढचं दार मिटलं की हिला हाक मार."
टोकाला एक जुनाट मोडेम, त्यात सिम,
वर चिकटपट्टीवर बॉलपेननं नंबर.
तेव्हा मी हसले होते.
नंबर तेवढा डायरीत उतरवला होता.

त्या नंबरावर एक मेसेज टाकला.
खाली गोठ्यात म्हैस उठली, पुन्हा बसली.
दोन मिनिटं. तीन.
मग काळ्या स्क्रीनवर एकेक अक्षर येऊ लागलं,
म्हाताऱ्या माणसानं जिना चढावा तसं,
पायरीपायरीवर थांबत.

नाव सांगितलं. पासवर्ड सांगितला, दोनदा चुकून.
घरचं माणूस परसातून येतं तशी आत शिरले,
अंधारात, एकाही भांड्याला धक्का न लावता,
आणि कडी काढली.
एक ओळ. लिहिलेली, खोडलेली.

सकाळी हुपरीला फोन लावला.
मागं त्यांच्या पोराची चांदीवर बारीक टकटक चाललेली.
म्हटलं, सर, ते सिम अजून चालू कसं?
पाच वर्षं झाली.

"दर अठ्ठावीस दिवसांनी मारतोय की रिचार्ज.
बंद करा म्हणून कुणी सांगितलंच न्हाई."

टकटक थांबली.
"का गं, लागलं व्हय?"