अंशतः बजावणी

गोरेगाव पूर्वेच्या त्या ऑफिसात शिरताना
दारावरची पाटी मी दोनदा वाचली.
वॉरंटातलं नाव तिच्यावर नव्हतं.
शेजारी स्क्रूची चार भोकं होती, जुन्या पाटीची.

चोवीस वर्षं बेलीफ आहे मी.
भोकं वाचता येतात.

माझ्यामागे राजलिंग मेरगू, डिक्रीदार,
प्लास्टरचा ठेकेदार, वय एकसष्ट,
इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी;
पिशवीत हुकूमनाम्याची शिक्क्याची नक्कल,
मेजरमेंट बुक, आणि माझ्यासाठी पाण्याची बाटली.
खाली टेम्पो उभा. भाडं त्यानंच भरलेलं,
दोन हमालांची मजुरी, माझा भत्ता, कोर्टाची फी.
येणं वसूल करायला आधी देणं द्यावं लागतं
हे त्याला समजावायची गरज नव्हती.
दरखास्तीचं आठवं वर्ष होतं.

रक्कम अठरा लाख त्रेचाळीस हजार दोनशे साठ,
सहा टक्के व्याज, वसूल होईपर्यंत.
तो 'होईपर्यंत' टायपिस्टनं
कागदाच्या अगदी कडेला आणून सोडला होता.

अकाउंटंट तोरणेबाई भल्या होत्या.
कोकम सरबत मागवलं, फाइल उघडली.
खुर्च्या भाड्याच्या. कॉम्प्युटर दुसऱ्या कंपनीचे.
एसी जागामालकाचा. साहेब? साहेब दुबईला.
"आणि गणपती तर सगळ्यांचाच आहे," त्या म्हणाल्या,
मग स्वतःच वरमल्या.

मेरगू बोलत नव्हता.
बोट दुमडून भिंत वाजवत तो पुढे सरकत होता,
डॉक्टर पोट वाजवून बघतो तसा.
केबिनच्या दाराशी थांबला.
"साहेब, इथं पोकळ आहे.
पाणी न मारता उरकलंय काम."
जणू आम्ही त्यासाठीच आलो होतो.

कलम साठ मला पाठ आहे.
ऋणकोचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी,
बायकोचं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं,
यांना हात लावायचा नाही.
चांगला कायदा आहे. मी पाळत आलोय.
थापी, गुरमाळा, ओळंबा, परांचीचे बांबू
मेरगूनं कधीच विकून टाकले होते,
मजुरांची एक दिवाळी भागवायला.
तो ऋणको नव्हता,
म्हणून कुठलं कलम आडवं आलं नाही.

शेवटी जिन्याखाली एक काचेची पेटी सापडली,
धुळीनं आंधळी झालेली.
आत 'नभांगण', सव्वीस मजले, सगळे फोमचे,
भुशाची झाडं, तांदळाएवढी माणसं,
तलावात निळा कागद.
तोरणेबाईंच्या फाइलीत ही नव्हती.

मेरगूनं शर्टाच्या बाहीनं काच पुसली.
"बाराव्यापर्यंत माझं.
बिल मागितलं, मग वरचं दुसऱ्याला दिलं."

पंचनाम्यात अंदाजे किंमत लिहावी लागते.
पानवाला पंच म्हणाला, शंभर.
कुरिअरचा पोरगा म्हणाला, काचेचेच दोनशे येतील.
"अठरा त्रेचाळीस लिहा," मेरगू म्हणाला.
हसलं कुणीच नाही, हमालसुद्धा नाही.
मी अडीचशे लिहिले.

अख्ख्या टेम्पोत तेवढी एक इमारत.
दोन्ही हमाल तिला धरून बसले,
वळणावर पडू नये म्हणून.
लिलाव होईतो ताबा डिक्रीदाराकडे,
मालवणीच्या दहा बाय बाराच्या खोलीत.
सुपुर्तनाम्यावर त्यानं तेलुगूत सही केली:
जपून ठेवीन, मागाल तेव्हा हजर करीन.

वॉरंट मी परत केलं.
शेरा: अंशतः बजावणी.

दोन महिन्यांनी तो दिंडोशीच्या कोर्टात भेटला,
नाझरच्या खिडकीबाहेर, तीच पिशवी.
मला वाटलं, लिलावाची तारीख विचारेल.
"साहेब, फोमला मुंग्या लागल्यात.
नववा मजला पोखरलाय.
औषध मारू,
की त्याला कोर्टाची परवानगी लागते?"