हात वर

बर्लिंग्टनच्या या खोलीला तळ्याकडची खिडकी आहे,
मी तिच्याकडे पाठ करून बसते.
माझं काम बोटांनी ऐकायचं.
प्रश्न, उत्तर, हरकत, पुन्हा प्रश्न.
हललेली मान माझ्या यंत्राला दिसत नाही,
म्हणून सगळ्यांना आधीच बजावते:
होकार असला तरी तोंडाने द्या.

शपथही मीच देते. उजवा हात वर करा.
कोरिन लारॉकनं केला.
बेकरीत राबणाऱ्या पोरीचा हात,
मनगटावर भट्टीच्या दाराचा जुना चटका.
म्हणाली, त्या संध्याकाळीही असाच वर केला होता,
ओढत्या ट्यूबवरून पडल्यावर, पाण्यातून,
मी इथे आहे, एवढंच सांगायला.
मला घ्यायला बोट वळली. फार जोरात वळली,
चालवणारा तोल जाऊन आडवा झाला
आणि इंजिन तसंच चालू.
पुढचं तिला आठवतं ते इतकंच
की पाणी कोमट झालं.

मी लिहिलं: कोमट.

बोटीचं नाव 'दुसरं मत'.
मालक दातांचे डॉक्टर, एल्डन व्हिटकोम, त्यांचाच हा विनोद.
तेव्हा ते किनाऱ्यावर मक्याची कणसं भाजत होते.
सुकाणूवर पुतण्या.
धक्क्यापासून बोट चारशे हात लांब,
आणि कायद्याला हे चारशे हात फार प्रिय.

कायदा जुना, शिडांच्या काळातला,
कापसाच्या गासड्या आणि व्हेलचं तेल वाहणाऱ्यांना जपणारा:
मालकाला ठाऊक नसताना घडलं असेल
तर भरपाई जहाजाच्या किमतीएवढीच,
आणि किंमत धरायची ती अपघातानंतरची.
मग ती बोट खडकावर जाऊन आपटली होती.
तज्ज्ञानं मोजलं. तळाला चीर, इंजिनात गाळ,
नऊ हजार दोनशे डॉलर.

यात पायाचे किती? कोरिननं विचारलं.
तिच्या वकीलबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला.
हे नोंदीत नको, समोरचे म्हणाले.
दोन्ही बाजू हो म्हणेपर्यंत मी थांबत नाही.
घेतलं नोंदीत.

जेवणानंतर व्हिटकोमनी हात वर केला, शपथेचा.
दुसऱ्या अर्थाचे हात त्यांच्या वकिलांनी
बावीस पानी अर्जात केव्हाच वर केले होते.
माणूस वाईट नाही.
विमा कंपनीनं दटावेपर्यंत
इस्पितळात दर शुक्रवारी पिवळी फुलं पाठवत होता.

चालकाच्या मनगटाला बांधायची दोरी,
तो पडला तर इंजिन बंद करणारी,
ती तुटली होती हे तुम्हाला ठाऊक होतं?
नाही.

वकीलबाईंनी टेबलावर एक पाकीट ठेवलं.
नवी कोरी लाल दोरी, प्लास्टिकही न फोडलेलं,
बोटीच्याच कप्प्यात सापडलेली, पावतीसकट.
अठरा डॉलर. चौदा जून.
म्हणजे अपघाताच्या तीन आठवडे आधी.
घेतली होती हो. लावायची राहिली.
असे किती रविवार येतात, कणसं भाजण्यात जातात.

आता सांगा.

तळ्यावरून कुणाची तरी मोटरबोट गेली.
तिचा आवाज पार विरेपर्यंत कुणी बोललं नाही.
शांततेसाठी माझ्या लिपीत खूण नाही.
बोटं कळांवर ठेवून बसून राहिले.
मग त्यांनी मान हलवली, खालून वर, एकदाच,
आणि मला म्हणावं लागलं:
तोंडाने, डॉक्टर.

हो.

कोरिननं त्यांच्याकडे पाहिलं नाही.
ती पाकिटावरच्या सूचना वाचत होती,
चित्रासकट, तीन पायऱ्यांत कशी लावायची ते.

साडेचारला यंत्र मिटलं.
लिफ्ट बंद होती. अठ्ठावीस पायऱ्या.
ती उतरत होती, कठडा, काठी, नवा पाय, कठडा,
मागे डॉक्टर, हातात टोपी,
शेजारून जायला भरपूर जागा होती, गेले नाहीत.
दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून
तिच्या चालीनं उतरत राहिले.
मी सगळ्यांच्या मागे, पेटी खांद्यावर,
बोटं मोकळी.