नऊ नंबर

खडकीकडची ऑर्डर आली
तेव्हा मी आधी रंग पाहिला, मग नावं.
बारा जर्सी, जांभळ्या, पाठीवर पांढरी अक्षरं.
सातव्या ओळीत लिहिलं होतं: कोंढरे.
प्रेस तापत आली होती. मी बटण बंद केलं
आणि उगाच दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो.

घोरपडे पेठेला कळून चार दिवस झाले होते.
तालमीच्या भिंतीवरचं त्याचं चित्र
पोरांनी चुन्यानं पुसलं, पण चुना पातळ होता,
संध्याकाळी वाळल्यावर
मांडी थोपटणारा हात पुन्हा वर आला.
फळ्यावर मोघे सरांचं वळणदार अक्षर:
"येथे नऊ नंबरची चौकशी करू नये.
केल्यास उत्तर स्वतःच्या जबाबदारीवर ऐकावे."
अस्लम बागवान हिशेब मांडून बसला,
साडेतीन वर्षं, रोज सकाळी सहा केळी,
उन्हाळ्यात वर एखादं कलिंगड.
"परत मागू का रे?" त्यानं विचारलं,
कोणी हसलं नाही म्हणून स्वतःच हसला.

शिव्या सगळ्यांनीच दिल्या. मीही दिल्या.
पैशाला विकला गेला, म्हणालो,
आकडा मात्र कोणालाच माहीत नव्हता.
आम्ही काय देत होतो ते माहीत होतं:
बक्षिसातला वाटा,
तालमीच्या माळ्यावर झोपायला जागा,
आणि गुडघा सुजला की
बाम सुचवायला अख्खी पेठ.
तिकडे नोकरी आहे, कायम. गोडाउनात का होईना.
वेल्ह्याच्या घराचे पत्रे बदलायचे होते त्याला.
मागच्या मे महिन्यात माझीच टेप मागून नेली होती,
परत आणली तेव्हा तिच्यावर गंजाचे डाग.
चौकात हे मी बोललो नाही.

रात्री त्याचा फोन आला.
"काका, नऊ नका टाकू.
इकडे नऊ दुसऱ्याचा आहे. सत्तावीस टाका."
मी बरं म्हणालो. तोही बरं म्हणाला.
मग बराच वेळ फोन कोणीच ठेवेना.

अक्षरं कापायला बसलो.
ढ सरळ निघाला, र सुद्धा.
अनुस्वार अवघड, हरभऱ्याएवढा ठिपका,
चिमट्यातून सुटतो, बाहीला चिकटतो.
दोनदा पडला.
दोनदा फरशीवर गुडघे टेकून शोधला.

फेब्रुवारीत सणस मैदानावर गाठ पडली.
तो चढाईला आला की "गद्दार" म्हणायचं
आधीच ठरलं होतं, भोंगेही आणले होते.
त्यानं रेषेला हात लावून कपाळाला नेला
आणि सवयीनं आमच्या बाकाकडे वळला,
मग आठवलं असावं, तसाच फिरला.
भोंगे वाजले. जरा उशिरा वाजले.

दुसऱ्या डावात डाव्या कोपऱ्यातला आमचा यशोधन
घोट्याला झोंबला.
ती पकड त्याला रोहिदासनंच शिकवलेली,
तालमीत, पाऊस पडून गेल्यावर, चिखलात.
वर तिघे येऊन पडले.
जांभळ्या ढिगाखालून नव्हे, पिवळ्या ढिगाखालून
एक हात मधली रेषा शोधत होता, वीतभर लांब,
आणि माझ्या शेजारून, पार पोटातून, आवाज आला,
"हात टाक, रोहिदास, हात टाक!"

अस्लमनं तोंडावर रुमाल धरला.
कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.
मोघे सर तर चष्मा पुसायला लागले.

माझं लक्ष त्याच्या पाठीकडे होतं.
सत्तावीसमधल्या सातचा कोपरा सुटला होता.
त्या रात्री मी प्रेस पुरती तापू दिली नव्हती.
सांगायला हवं त्याला,
जर्सी उलटी करून धू, गार पाण्यात,
आणि जाता येता कधी
टाकून जा दुकानात.