उणे वीस

बाहेर देवपुरात डांबर चपलेला चिकटतंय,
चव्वेचाळीस.
यंत्राच्या आत उणे वीस.
मनगटापर्यंत हात थंडीत घालून मी बसलेली.
उंदराचा मेंदू, टपोऱ्या भुईशेंगेएवढा,
पात्याखाली चौदा-चौदा मायक्रॉन सरकतो
आणि एकेक काप मी ब्रशच्या टोकावर धरते
साय धरावी तसा.

जनुक प्रत्येक पेशीत असतं,
कातडीच्या, काळजाच्या, शेपटीच्या टोकाच्याही.
बोलतं मात्र थोड्यांत.
बाकीच्या त्याला जन्मभर घडी घालून ठेवतात,
मी अहिराणी ठेवते तशी.
पाचवीत 'माले' म्हणाले आणि वर्ग हसला,
तेव्हापासून.

डोपामिनचे ग्राही दोन तऱ्हेचे:
एक म्हणतो चल,
दुसरा म्हणतो थांब जरा.
भिंतीला भिंत लागून राहतात,
एका घरात सहसा नाही.
मला दुसऱ्याचे निरोप मोजायचे होते,
कुठल्या पेशीत किती लिहिले जातायत ते.
निरोपाला किरणोत्सारी गंधकाची खूण लावायची
आणि फिल्म तीन आठवडे अंधारात.

सहा पिंजऱ्यांना घंटी वाजवून साखरपाणी.
सहांना नुसतं खाद्य, नुसतं पाणी,
नुसते दिवस.

फिल्म धुतली.
नुसत्या दिवसवाल्यांच्या मेंदूतही
तेच काळे दाणे, तितकेच दाट,
जणू त्यांच्याकडेही रोज कुणी यायचं होतं.

परत केलं. रसायनाची बाटली बदलली.
सरांना बोलले नाही.

नवी तुकडी आली. एका रविवारी
चपला हातात घेऊन प्राणिगृहाच्या दाराआड थांबले.
लोटनआबांच्या किल्ल्या वाजल्या न वाजल्या
तोच बाराही पिंजऱ्यांत पुढचे पाय जाळीवर.
"उनू रे भो, उनू. भूक लागनी ना?"
खिशातून शेंगदाणा, साल काढून, एकेकाला एकेक.
साखरपाणीवाल्यांना अर्धाच:
"तुमले गोड पानी शे."

शेंगदाणा खिशात होता
तेव्हाच ते उभे राहिले होते.
हे मी पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय,
पहिल्या वर्गात पास झालेय.

सहा महिने गेले. बारा मेंदू गेले.
नियमावलीचं ते पान मला तोंडपाठ,
राग कुठून सुरू करायचा तेही ठरलेलं.

"मॅडम, आपण? रविवारी?"
आबांनी शुद्धात विचारलं,
साहेबलोकांशी बोलतात तसं,
सालं मुठीत लपवत.
मुठीतून एक साल निसटून
फरशीवर तांबडं पडलं.

मी तोंड उघडलं.
घडीच्या जागी कापड विरलेलं असतं,
आवाज जरा फाटकाच आला:

"माले बी एक दे ना, आबा."

नोंदवहीत 'इतर निरीक्षणे' हा रकाना
अजून कोरा आहे.
उद्या सोमवार.