पितळी पट्ट्या

घणसोली गावातल्या काशिनाथ भोईरने
हळदीतून निवृत्त झालेला अँप्लिफायर मला विकला.
साडेचार हजार, आणि उचलायला दोन माणसं.
जाळीत अजून पिवळी पूड अडकलेली.
म्हणाला, काका, याला हळू बोलायची सवय नाय.
आन् स्पीकरच्या मागच्या पट्ट्या आधी काढा,
नायतर दोघं एकमेकांना जाळतील.

दुसरा माझाच.
एकोणनव्वद साली रबाळ्याच्या कंपनीत
रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीत, भंगारातल्या ट्रान्सफॉर्मरवर
बांधलेला. चार व्हॉल्व्ह. तापायला दीड मिनिट लागतं,
तोवर मीही चष्मा पुसून घेतो.

भोईरचा खालच्या सुरांना, माझा वरच्या.
मध्ये एकच प्रीअँप, त्याच्या पाठीत
दोन फाटे फुटलेली वायर.
कुमुद म्हणाली, एका म्यानात दोन तलवारी?
म्हटलं, म्यान नाही गं, नळ.
पण पाण्यासारखं नाही हे. घेणाऱ्यांनी
हावरटासारखं ओढलं नाही, तर
वाटूनही कमी होत नाही.
ती म्हणाली, हे आपल्या सोसायटीला सांगा.

पहिल्यांदा फक्त घुंऽऽऽ.
ऐरोलीच्या सेक्टर तीनमध्ये, आमच्या तळमजल्यावर
जणू एखादा भुंगा भाड्याने राहायला आला.
दोन वेगळ्या बोर्डांत दोन प्लग, अर्थिंगचा गुंता.
दोन्ही एकाच बोर्डात खोचले.
भुंगा गेला. खोली एवढी शांत की
फ्रिज कुठे आहे ते कानांनी दाखवता आलं असतं.

मग कुमुदच्या भजनी मंडळाची कॅसेट लावली,
दोन हजार तीनची, सोसायटीच्या हॉलमधली.
पखवाज थेट सोफ्यातून वर आला,
मांड्यांतून, बरगड्यांतून.
भोईरचा अँप पहिल्यांदाच बसून वाजवत होता.
वरचं मात्र पुसट. मी व्हॉल्व्हची खुंटी फिरवली.
पुसटच. अजून थोडी.

कुमुद पिठाच्या हातांनी बाहेर आली,
मनगटांनी कान दाबून:
अहो, सुया टोचताहेत कानात!

मला एकही सुई लागली नव्हती.

एकतीस वर्षं कॉम्प्रेसरच्या खोलीत होतो मी.
डॉक्टरने आलेख दाखवला होता, उजवीकडे
घाटातून उतरावी तशी रेघ उतरत गेलेली.
घडी करून वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवला,
कुणाला न सांगता.

ती काही बोलली नाही. हात धुऊन
जमिनीवर बसली, दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये.
कमी करा. अजून. थोडं जास्त झालं. मागे या.
माझी बोटं खुंटीवर, तिचे डोळे मिटलेले.
थांबा, म्हणाली. हा माझा टाळ.
रोहिणीताई अर्धी मात्रा मागे असायच्या,
ऐकू येतंय?

पखवाज येत होता. तिचा श्वास येत होता.
टाळावर टाळ पडल्याची टिचकी तेवढी आली,
पुढची ती लांबत जाणारी किणकिण
तिच्या चेहऱ्यावर पाहिली.
येतंय, म्हणालो.
तिने एक डोळा उघडला. तो म्हणत होता, खोटं.
पुन्हा मिटला.

खुंटीवर तिथेच नखाने खूण केली.

रात्री आवरताना तिला टीपॉयवर
बोटाएवढ्या चार पितळी पट्ट्या सापडल्या.
या कसल्या?
आतापर्यंत वरचं नि खालचं यांनी जोडलेलं होतं.
मग टाकायच्या?
नको, म्हणालो.
तिने त्या बटणांच्या डब्यात टाकल्या.
किणकिणल्या असणार.